छोटी लाइन

शुक्रवारी रात्रीचं डिप्लॉयमेंट ऐनवेळी पुढे ढकललं आणि मला अख्खा शनिवार मोकळा मिळाला. गेले कित्येक महिने जे लिहायचं होतं ते आता लिहून टाकतो. विषय जंगलाचा आहे, पण सुरुवात मामापासून करावी लागेल.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. म्हणजे मोर्णेच्या त्या बाजूला, राजराजेश्वराच्या देवळापासून पायी पाच मिनिटं. स्टेशन नदीच्या पलीकडे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे खंडव्याला जायचं म्हणजे रिक्षात ट्रंक टाकून पूल ओलांडायचा आणि छोट्या लाइनच्या फलाटावर जाऊन बसायचं. मीटर गेज हा शब्द मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळला. आमच्याकडे दोनच लाइनी, मोठी आणि छोटी. मोठीवरून मुंबई-नागपूर, छोटीवरून मावशी.

सोबत मामा असायचे. अकोट गेलं, हिवरखेड गेलं की ते मला खिडकीकडे सरकवायचे. वान रोड आलं की जंगल सुरू. पुढे धूळघाटाजवळ गाडी डोंगराला वळसा घालत स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. मामा हवेत बोटाने आपला मराठी चारचा आकडा काढून दाखवायचे, "पाय, अशी जाते." एवढी चढण एकदम चढता येत नाही, म्हणून गोल फिरून उंची गाठायची, हे त्यांनीच मला समजावलं होतं. खालचे रूळ वरून दिसले की डब्यातली सगळी पोरं ओरडायची. वाघ मात्र एकदाही दिसला नाही. मोर दिसले, वानरं ढिगाने दिसली.

ही लाइन म्हणजे कधीकाळी केवढं प्रस्थ होतं! मीनाक्षी एक्स्प्रेस जयपूरहून निघायची ती खंडवा, अकोला, पूर्णा करत हैदराबादपर्यंत जायची, सगळा प्रवास छोट्या लाइनवरून. मग गेज बदलायची कामं सुरू झाली. अकोला-पूर्णा २००८ मध्ये मोठी झाली. अकोला-खंडवा २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. अकोटपर्यंत नवे रूळ पडले आणि अकोटच्या पुढे काम अडलं, कारण जुना मार्ग अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक, १९७३-७४ चा.

आता माझा गुन्हा. २०२१ मध्ये एका मित्राने लिंक पाठवली, 'मेळघाट वाचवा, रेल्वे बाहेरून न्या'. मी हिंजवडीत, दोन मीटिंगांच्या मध्ये, कॉफीचा मग हातात. नाव टाकलं, क्लिक केलं, झालं. आणि फार मोठं पुण्यकर्म केल्यासारखं ते फॅमिली ग्रुपवरही टाकलं. मामांचा अर्ध्या मिनिटात फोन!

"तुले पुण्यात बसून सही कराले काय जाते रे? तुले खंडव्याले जायचं हाय का?"

मी काहीतरी बोललो. ते म्हणाले, "मावशीच्या तेराव्याले मी भुसावळवरून गेलो. वळसा घालून. लाइन बंद केली तवा कोनी सही नाई मागतली." आणि फोन ठेवला. त्यानंतर घरी गेलो की त्यांचं एकच स्वागत, "या वाघवाले!"

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्याला उत्तर नव्हतं. मी सही केली तेव्हा मला एवढंच माहीत होतं की जंगल चांगलं आणि रेल्वे वाईट. मग जरा वाचायला लागलो (चिडून वाचलं की जास्त लक्षात राहतं, हा माझा अनुभव). उत्तर बंगालमध्ये सिलिगुडी-अलिपूरद्वार ही लाइनही जंगलातून जाणारी मीटर गेजच होती. ती २००४ च्या सुमारास मोठी झाली, गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि हत्ती मरण्याचं प्रमाणही वाढलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये चापरामारीच्या जंगलात एका एक्स्प्रेसने हत्तींच्या कळपाला धडक दिली. इतक्या लांब तरी कशाला जा, आपल्या चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅसेंजर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. तीही लाइन आधी छोटीच होती.

म्हणजे 'तिथे आधीपासून गाडी होतीच की' हा युक्तिवाद दिसतो तेवढा सरळ नाही. आमची छोटी गाडी घाटात धापा टाकत चढायची, दिवसाला मोजक्या फेऱ्या. मोठी लाइन म्हणजे रात्रभर मालगाड्या, उंच भराव, खोल कापलेल्या दरडी. दोन्ही बाजूंना दरड असली की समोरून गाडी आल्यावर जनावराला बाजूला व्हायला जागाच नसते, ते रुळांवरूनच पळत सुटतं. आणि वाघाचं नाव मोठं म्हणून त्याच्याबद्दल बोललं जातं. त्याच मेळघाटात रानपिंगळा राहतो. हे वीतभर घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडत नव्हतं. नामशेष झालं असंच धरून चालले होते. ते १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत सापडलं आणि पुढे मेळघाटातही दिसलं. विरळ सागवानातल्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत ते अंडी घालतं. झाडं गेली की ढोल्या गेल्या. त्याच्यासाठी कोण सही करणार?

डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचे आणि व्याघ्र प्राधिकरणाचे तज्ज्ञ बाहेरच्या मार्गाच्या बाजूने होते. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं. शेवटी बाहेरून जायचं ठरलं, हिवरखेड, सोनाळा, जामोद करत तुकईथडला. सुमारे तीस किलोमीटरचा फेर.

कॉलेजात सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा अल्गोरिदम शिकलो होतो. त्यात प्रत्येक रस्त्याला एक किंमत द्यावी लागते. पुढचं उत्तर कॉम्प्युटर चोख काढतो, पण किंमत भरतो माणूस. जंगलाची किंमत शून्य भरली की सरळ रस्ता स्वस्तच निघणार. हे मी मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "अन् माह्या तीस किलोमीटरची किंमत कोन भरते?" असो.

२०२३ च्या दिवाळीत मामाच म्हणाले, चल, अकोटची गाडी दाखवतो. ही गाडी आदल्या वर्षी नोव्हेंबरात सुरू झाली होती. तिचीही गंमतच. रूळ तयार होऊन पडलेले, गाडी नाही. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल खचला, अकोटचा रस्ता बंद झाला, लोक संतापले आणि महिनाभरात गाडी धावली. हो, तेच गांधीग्राम, जिथलं पाणी श्रावणात कावडीने राजेश्वराला आणतात.

अकोटला मामांच्या ओळखीच्या दुकानदाराची मोटरसायकल घेतली आणि नरनाळ्याच्या दिशेने, पोपटखेडच्या रस्त्याने निघालो. समोर सातपुडा. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर एक कोरकू आजोबा बसले होते. मामा कोणाशीही बोलायला लागतात, तसे लागले. आजोबा आतल्या एका गावचे. गाव उठवून इकडे खाली आणलेलं.

हे मला वाचून माहीत होतं. २००० नंतर बोरी, कोहा, कुंड खाली आले, मग अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत गुल्लरघाट, केलपाणी, धारगड अशी आणखी गावं. २००८ नंतर कुटुंबाला दहा लाख असा हिशोब होता. आणि जमीन नाही, दवाखाना नाही म्हणत काही जण परत जंगलात गेले, जानेवारी २०१९ मध्ये तिथे कर्मचारी आणि गावकरी यांच्यात मारामारी होऊन दोन्हीकडचे लोक जखमी झाले, हेही वाचलं होतं. पण वाचणं वेगळं.

मामांनी त्यांचं आवडतं टुमणं लावलं, "आमची रेल्वे अडवली ना बाबा त्या वाघानं."

आजोबांनी कप खाली ठेवला. त्यांची भाषा हिंदी-वऱ्हाडी मिसळलेली, मला आठवतं तसं लिहितो. म्हणाले, "वाघाले तरास होते म्हनून आमाले उठवलं. आमच्या बैलाचा तरास होते म्हने. बैलगाडी नको अन् रेलगाडी चालते का?"

मामा गप्प. मी तर त्याहून गप्प, कारण सही करताना ही माणसं माझ्या डोक्यात कुठेच नव्हती. जंगल वाचवा म्हणताना त्याची किंमत आधीच कोणीतरी मोजून बसलंय, हा मुद्दा माझ्या लिंकमध्ये नव्हता. जिथून माणसाची झोपडी हलवली तिथून मालगाड्या न्यायच्या, तर मग त्यांना उठवलं कशासाठी? रेल्वे बाहेरून गेली म्हणून आजोबांचं गाव परत मिळणार नाही. पण जुन्याच मार्गाने गेली असती तर ते उठणंही फुकट गेलं असतं.

थोड्या वेळाने आजोबाच म्हणाले, "तिकडं पानी गोड होतं." खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पूर्णेच्या काठच्या आमच्या गावांत विहिरीचं पाणी खारट. अकोट, तेल्हाऱ्याला गोडं पाणी मिळतं ते वानच्या धरणातून, आणि वान येते याच डोंगरातून. मामांनी चहाचे पैसे दिले. आजोबांचेही दिले.

परतीच्या गाडीत ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. पाटसूल गेल्यावर म्हणाले, "तो नवा रस्ता दाखव बरं मोबाइलवर." मी नकाशा काढून बोट फिरवलं. अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद. त्यांनी चष्मा वर करून बोट जामोदवर टेकवलं.

"इथं माहा साडू रायते. त्याच्या गावातून जाईन म्हन्तं?"

"त्या बाजूने जाईल."

"कवा?"

मी म्हणालो, काम व्हायचंय अजून, वेळ लागेल.

"तो पंचाहत्तरचा हाय," मामा म्हणाले, आणि फोन मला परत दिला.