परवाना

फारसीत 'परवाना' या शब्दाला दोन अर्थ आहेत. दिव्यावर झेप घेणारा पतंग हा एक, आणि हुकूम किंवा अनुज्ञा हा दुसरा. उर्दू कवितेने पहिला अर्थ उराशी धरला, मराठी दप्तराने दुसरा उचलला. आपल्या औरंगाबादचा अठराव्या शतकातला कवी सिराज, त्याचे तर टोपणनावच 'दिवा' या अर्थाचे. पण त्याच्याच मुलखातल्या मराठी माणसाला परवाना म्हटले की पंख आठवत नाहीत, शिक्का आठवतो. आणखी मौज अशी की, मराठीत 'पतंग' म्हणजे तो किडाही आणि दोऱ्यावर उडणारा कागदही. उडणे आणि परवानगी यांची ही गाठ आम्ही आजवर शब्दकोशातच पाहिली होती. ती व्यवहारात पाहण्याचा योग ड्रोनमुळे आला.

आमच्यापैकी एक जण नांदेडला शिकवतो, दुसरा लातूरला; विषय दोघांचाही मराठी. लातूर जिल्ह्यातला आमचा एक माजी विद्यार्थी बी.ए. झाल्यावर लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा धरू लागला आणि पुढे फवारणीचा ड्रोन चालवावा असे त्याच्या मनाने घेतले. सोयाबीनच्या मुलखात हा विचार वेडगळ नव्हे. पाठीवरच्या पंपाने एक एकर फवारायचे तर दीड-दोनशे लिटर पाणी वाहावे लागते. ड्रोनला दहा लिटरच्या आसपास पाणी आणि दहाएक मिनिटे पुरतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे फवारणारा माणूस औषधाच्या तुषारांपासून दूर उभा असतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ही आठवण जुनी झालेली नाही.

तर हा मुलगा एके दिवशी नियमांचे कागद घेऊन आला. यंत्र त्याला कळत होते. वारा, उंची, बॅटरी हे सारे त्याला आमच्यापेक्षा शंभरपट ठाऊक. अडले होते ते भाषेपाशी. "सर, हे लॅटरल डिस्टन्स म्हणजे रस्त्यानं मोजायचं का नाकासमोर?" हा त्याचा पहिला प्रश्न. आम्ही 'क्षितिजसमांतर अंतर' वगैरे सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे नाकासमोरच की." इतके स्वच्छ भाषांतर आम्हाला सुचले नसते.

न्यायाने सांगायला हवे की, कायदा पूर्वीसारखा जाचक राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एका जाहीर सूचनेद्वारे सामान्य माणसाला ड्रोन उडवायला मनाईच केली होती. १ डिसेंबर २०१८ पासून वाट उघडली, पण 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' अशा बाण्याने. मार्च २०२१ च्या नियमांत पंचवीस अर्ज-नमुने होते. त्याच वर्षी २५ ऑगस्टला आलेल्या नव्या ड्रोन नियमांनी ते पाचावर आणले. चालकाच्या प्रमाणपत्राचे सरकारी शुल्क शंभर रुपये, मुदत दहा वर्षे. वय अठरा ते पासष्ट आणि शिक्षण दहावी पास एवढे असले, की मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेता येते. (त्या प्रशिक्षणाचे शुल्क मात्र हजारोंच्या घरात, ते वेगळेच.) शिवाय ड्रोनचे मॉडेल प्रमाणित हवे, त्याला विशिष्ट ओळख क्रमांक हवा आणि विमा हवा.

आकाशाचे तीन रंग केले आहेत. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत उडायला कोणाला विचारावे लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाला विचारावे लागते आणि तांबड्यात थेट केंद्र सरकारला. चालू विमानतळाच्या कुंपणापासून पाच ते आठ किलोमीटरमध्ये पिवळा पट्टा जमिनीपासूनच सुरू होतो. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांच्या वर. नांदेडचे विमानतळ शहराला लागूनच, त्यामुळे सचखंड गुरुद्वारासकट जवळजवळ सगळे शहर या आठ किलोमीटरच्या आत येते. तेथे लग्नाची वरात वरून टिपायची सुपारी घेतली की परवानगीचे शोधा. लांबच्या शिवारात सोयाबीनवर मात्र आभाळ हिरवे. ज्या मुलखात हिरवा रंग जमिनीवर टिकवताना जीव मेटाकुटीला येतो, तिथे तो नकाशातल्या आकाशाला फुकट लाभला आहे.

आम्हाला खरे गुंतवले ते 'व्यावसायिक' या शब्दाने. दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा नसेल, तर चालकाला प्रमाणपत्र लागत नाही. तोच ड्रोन, तेच बोट, तेच आभाळ. पण चार पैसे घेतले की प्रमाणपत्र आले. हौसेला मुभा आणि पोटाला परवाना, हा भेद साहित्याच्या माणसांना अनोळखी नसावा. हौशी कवी आणि धंदेवाईक लेखक या शब्दांत आपणही तो निगुतीने जपला आहे.

सप्टेंबर २०२३ पर्यंत या प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट लागत असे. ज्याला शिवाराबाहेर जायचे नाही, त्याने शेतावर दहा-पंधरा फूट उंच उडण्यासाठी परदेशगमनाचा कागद दाखवायचा! तेव्हाच्या दुरुस्तीने मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, रेशन कार्डही चालू लागले. रेशन कार्डावर आकाश मिळते ही कल्पना एखाद्या कवीला सुचली असती, तर आम्ही तिला अतिशयोक्ती म्हटले असते.

भाषेचे काय? नागरी विमान वाहतूक हा केंद्राचा विषय, राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत. महाराष्ट्राचा १९६४ चा राजभाषा अधिनियम तिथे पोचत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेल्या अभिजात दर्जानेही अर्जाचा नमुना बदलत नाही. मराठवाड्याला यात नवे काही नाही. १९४८ पर्यंत इथल्या कारभाराची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांच्या पिढीतला शेतकरी कचेरीबाहेरच्या अर्जनवीसापुढे उकिडवा बसून आपले गाऱ्हाणे मराठीत सांगे आणि ते उर्दूत लिहिलेले पाही. आपण मागितले तेच कागदावर उतरले का, हे त्याला कधी कळत नसे. आता अर्जनवीसाच्या जागी सेवा केंद्रातला मुलगा आहे, इतकेच. आम्ही 'व्यावहारिक मराठी'च्या तासाला अर्जलेखन शिकवतो, उताऱ्यासह, गुणांसह. ज्या अर्जावर आमच्या विद्यार्थ्याचे पोट अवलंबून होते, तो त्या पाठ्यक्रमात बसत नव्हता, कारण तो मराठीत नव्हताच. हे आम्हाला अद्याप टोचते.

त्याला परवाना मिळाला. पण २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावेच्या गावे भ्याली होती. तरुण काठ्या घेऊन गस्त घालीत होते, विधानसभेतही विषय निघाला. त्या दिवसांत परक्या गावात ड्रोनची पेटी उघडणे म्हणजे मार खाण्याची तयारी ठेवणे. इंग्रजी प्रमाणपत्र बांधावर कोण वाचणार? म्हणून त्याने आमच्याकडून एक पान मराठीत लिहून घेतले: हा कोण, कशासाठी आला, कोणाच्या शेतावर, किती वेळ. कायद्याने त्या पानाला कवडीची किंमत नाही. तो ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून प्रमाणपत्राच्या वर ठेवतो, आणि आधी तेच दाखवतो.

त्या पानावर आम्ही पदनाम कोशाच्या वळणाने 'दूरस्थ वैमानिक' असे लिहिले होते. त्याने ते खोडून 'फवारणीवाला' केले आहे.