ड्राफ्ट

सांगलीहून दादाचा फोन आला की तो आधी हवा विचारतो, मग तब्येत, आणि मग खोकल्यासारखं करून विचारतो, "बाकी सध्या काय चाललंय?" अशाच एका एप्रिलात मी बेसावधपणे बोलून गेलो, "काही नाही रे, ड्राफ्टच्या गडबडीत आहे."

"किती रुपयांचा?" दादा म्हणाला.

दादाचा जन्म बँकेत गेला. ड्राफ्ट म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर डिमांड ड्राफ्टच उभा राहतो, दोन सह्या आणि शिक्क्यासकट. मी त्याला समजावून सांगितलं, की हा तो ड्राफ्ट नव्हे. इथे अमेरिकेत फुटबॉलचे धंदेवाईक संघ दरवर्षी एप्रिलच्या शेवटी कॉलेजातली मुलं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात.

"म्हणजे तू निवडतोस?"

"नाही, क्लबवाले निवडतात."

"तुला विचारतात?"

"नाही."

"मग तुझी कसली गडबड?"

मी १९७३ साली क्लीव्हलंडला आलो. तेव्हापासून आजतागायत ह्या प्रश्नाला मला उत्तर सापडलेलं नाही. खरं म्हणजे मी इथे आलो तो एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. म्हणजे पोटही ड्राफ्टवर आणि वेडही ड्राफ्टचंच. पोटाचा ड्राफ्ट निवृत्तीबरोबर सुटला. वेडाला निवृत्तीचं वय नसतं.

आता, ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ह्या फुटबॉलचा पायाशी संबंध मुख्यतः पळण्यापुरता. चेंडू लंबगोल, हातात धरायचा. चेंडू फेकणारा जो असतो तो क्वार्टरबॅक. तो म्हणजे लग्नातला नवरदेव. बाकीची दहा माणसं वऱ्हाडी. एवढ्या माहितीवर माझा पुढचा संसार चालला आहे.

आणि ह्या ड्राफ्टची खुबी अशी, की गेल्या हंगामात जो संघ सर्वांत जास्त हरला त्याला निवडीचा पहिला मान. आमच्या सांगलीच्या शाळेत शेवटचा नंबर आला की छड्या मिळत. इथे शेवटचा नंबर आला की देशातला पहिला मुलगा मिळतो. बत्तीस संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. ह्या नियमाचा जर कोणी मनापासून आदर राखला असेल तर तो आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्सनी. १९९९, २०००, २०१७, २०१८ अशी चार वेळा पहिली निवड आम्हाला मिळाली. २०१६ साली सोळांपैकी एक सामना चुकून जिंकला, ती चूक २०१७ साली सुधारली आणि सोळाच्या सोळा हरलो. त्यानंतरच्या जानेवारीत लोकांनी कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. मुद्दाम गोल, म्हणजे शून्याचा आकार व्हावा. मलाही जायचं होतं. पण सौ.ने कानटोपी लपवून ठेवली.

तर दरवर्षी मार्च लागला की मी माझी यादी करायला बसतो. वहिनी सांगलीहून कालनिर्णय पाठवते. त्यातलं मागच्या वर्षीचं कालनिर्णय भिंतीवरून उतरलं की त्याच्या मागच्या कोऱ्या जागेत मी कच्ची यादी करतो, आणि मग वहीत पक्की. लाल शाईने, नंबर घालून, रेघा पट्टीने मारून. शेवटी मी ड्राफ्ट्समन. ब्राउन्सनी पहिल्या फेरीत कोण घ्यावा, दुसऱ्या फेरीत कोण घ्यावा, आणि कोण फुकट दिला तरी घेऊ नये, हे सारं त्यात असतं. १९९५च्या हंगामानंतर आमचा संघ उचलून बाल्टिमोरला नेला आणि तीन हंगाम गावाला संघच नव्हता. तरीही मी यादी करत होतो. सौ. म्हणाली, "अहो, घरात मुलगी नाही आणि स्थळं कसली बघताय?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण हा प्रकार आहेच तसला. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या मुलांना इंडियानापोलिसला एकत्र आणतात आणि दाखवण्याचा कार्यक्रम होतो. उंची मोजतात, वजन करतात, हाताची लांबी घेतात, पंजा पसरायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर टिपतात. माझ्या आत्याला दाखवलं तेव्हा तिला फक्त चार पावलं चालायला सांगितलं होतं. इथे चाळीस यार्ड पळायला लावतात, आणि तेही घड्याळ लावून. वर शंभर किलोंहून अधिक वजन छातीवर घेऊन किती वेळा उचलता येतं तेही पाहतात. पत्रिका तेवढी बघत नाहीत. बघितली असती तर निदान आमच्या गावाचं बरं झालं असतं.

आता माझी आदर्श निवड. ही मी अनेक मंडळींत अनेक वेळा ऐकवलेली आहे आणि ऐकणाऱ्यांनी दर वेळी घड्याळाकडे पाहिलेलं आहे, तरी सांगतो.

२००० साली सहाव्या फेरीत १८३ वा नंबर आमचा होता. आम्ही स्पर्गन विन नावाचा क्वार्टरबॅक घेतला. त्यानंतर सोळा नंबर मागे, १९९ वर, न्यू इंग्लंडवाल्यांनी टॉम ब्रेडी घेतला. सात वेळा सुपर बोल जिंकलेला हाच तो ब्रेडी. चाळीस यार्ड पळायला ह्याला ५.२८ सेकंद लागले होते. एवढ्या वेळात आमची ही भाजीवाल्याशी भाव ठरवून पिशवी उचलते. म्हणून कोणी त्याला घेईना. मग आदर्श निवडीत पहिलं नाव कोणाचं? ब्रेडीचं.

२००४ साली सहावा नंबर आमचा. त्यासाठी आम्ही पदरचं देऊन एक पायरी वर चढलो होतो. बेन रॉथलिसबर्गर नावाचा मुलगा उपलब्ध होता. हा आमच्या ओहायोचाच, लायमात जन्मलेला, फिंडलीत वाढलेला, कॉलेजही ओहायोतच केलेला. अगदी घरचं स्थळ. आम्ही दुसराच घेतला. अकराव्या नंबरवर पिट्सबर्गने त्याला नेला, आणि पुढे अठरा हंगाम तो आम्हाला हरवायला वर्षातून दोनदा माहेरी आल्यासारखा येत राहिला.

इथपर्यंत ऐकणारा मान डोलावतो. मग मी हळूच म्हणतो, "मी तेव्हाच सांगितलं होतं." चाहत्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत सुखाचं वाक्य. अडचण एवढीच, की वही आहे. २००४च्या पानावर रॉथलिसबर्गर आहे, हे मी कोणालाही दाखवायला तयार आहे. २०००च्या पानावर ब्रेडी नाही. कालनिर्णयच्या मागे नाही, समासात नाही, खोडलेल्या नावांतही नाही. ते पान मी कोणाला दाखवत नाही.

आणि एक पान त्याहून वाईट आहे. २००७.

त्या साली तिसरा नंबर आमचा. माझ्या वहीत क्रमांक एकवर ब्रेडी क्विन, दोनदा अधोरेखित. हाही ओहायोचा, डब्लिन गावचा, आणि क्वार्टरबॅक. म्हणजे नवरदेव. २८ एप्रिल, शनिवार. मी टीव्हीसमोर वही घेऊन बसलो होतो. चिरंजीव कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आलेले. ते डॉक्टर होणार होते. म्हणजे ते चार वर्षांचे असताना मी तसं ठरवलं होतं. शेजारच्या मुलाचं गुडघ्याचं खरचटलेलं त्याने एकदा फुंकर घालून पाहिलं, तेवढ्यावर मी त्याला पहिल्या फेरीत टाकला होता. चाळीस यार्डही पळवला नाही.

दुसरा नंबर संपत आला आणि हा येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, एक सांगायचंय. मला मेडिकलला नाही जायचं. मला शाळेत गणित शिकवायचंय."

मी म्हणालो, "एक मिनिट थांब. आता आपला नंबर आहे."

तो थांबला. पडद्यावर नाव आलं. जो थॉमस, विस्कॉन्सिन. डावा टॅकल! हा काय प्रकार असतो तेही सांगतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे होते, त्याला त्या बाजूचं दिसत नाही. तिथून धावून येणाऱ्या दीड-दीडशे किलोंच्या माणसांना अडवायला जो उभा असतो तो डावा टॅकल. त्याच्या हातात चेंडू येत नाही. त्याच्या नावावर धाव नाही, गोल नाही, काही नाही. मांडवाचा खांब धरून उभा राहिलेल्या माणसाचा कोणी फोटो काढतं का?

मी वही आपटली आणि ओरडलो, "वाटोळं केलं! सोन्यासारखी संधी, आणि ही निवड? आयुष्यभर कोणी नाव विचारणार नाही!"

मागे वळून पाहिलं तर दार उघडं होतं आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता.

मी टीव्हीवर ओरडलो होतो, हे मी सौ.ला शपथेवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तीही इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिली आहे. ती म्हणाली, "सगळं टीव्हीवर?"

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं, की तो जो थॉमस न्यूयॉर्कच्या समारंभाला गेलाच नव्हता. पहिल्या नंबरांतल्या मुलांना तेव्हा तिथे बोलावत, नवा सूट घालून स्टेजवर उभं करत. हा गृहस्थ वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडायला गेला होता. बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली, थोड्या कुचेष्टेनेच. सौ. चहा गाळत होती. म्हणाली, "त्याचे वडील होडीत त्याच्याबरोबर होते. तुम्ही टीव्हीबरोबर होतात."

माझा क्विनही त्याच दिवशी आम्हाला मिळाला होता. बिचारा न्यूयॉर्कला तासन्‌तास खोलीत बसून राहिला आणि बाविसाव्या नंबरवर आमच्याच लोकांनी पुढच्या वर्षीचा पहिला नंबर डॅलसला देऊन त्याला उचलला. म्हणजे वहीप्रमाणे सर्व झालं. तीन हंगामांनंतर त्याची डेन्व्हरला रवानगी झाली. आणि तो मांडवाचा खांब? तो पहिल्या सामन्यापासून जो उभा राहिला तो सलग १०,३६३ खेळ्या एकदाही बाहेर न बसता उभा राहिला. त्याच्या पुढचे, म्हणजे पाठीमागचे, नवरदेव बदलत गेले, प्रशिक्षक बदलत गेले, संघ हरत गेला. तो २०१७ साली दंडाला दुखापत झाली तेव्हा बाहेर आला. ब्राउन्सनी माझ्या हयातीत केलेली ही सर्वांत उत्तम निवड, आणि ती माझ्या यादीत नव्हती. एवढंच नाही, तिच्यावर मी वही आपटली होती.

चिरंजीवांनी गणितच घेतलं. दोन वर्षांनी नोकरी लागली. ह्या देशात पन्नास राज्यं आहेत, शाळा किती असतील देव जाणे. नोकरी लागली ती बाल्टिमोरला. म्हणजे ज्यांनी आमच्या अंगणातलं झाड मुळासकट नेलं आणि पहिल्याच वर्षी त्याला आंबे धरले, त्या गावी. १९९६च्या त्यांच्या पहिल्याच ड्राफ्टात त्यांनी जोनाथन ऑग्डन आणि रे लुईस घेतले, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. निवड करणारा ऑझी न्यूसम हा आमचाच जुना खेळाडू. मी हे सारं पोराला फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी शाळेत शिकवायला चाललोय." फोन लहान होत गेले. हवा, तब्येत, आणि मग आईला देतो. दादाशी मी ह्याहून जास्त बोलत होतो.

२०२३च्या ऑगस्टात जो थॉमसला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. हॉल ऑफ फेम कँटनला आहे, आमच्या घरापासून मोटारीने तासाभरावर. चिरंजीव न बोलावता आले. बरोबर आठ वर्षांचा नातू. त्याच्या अंगात बाल्टिमोरचा जांभळा शर्ट. मी काही बोललो नाही. ऊन रणरणत होतं. नातवाने माझी टोपी घातली होती. समोर सोनेरी कोट घालून तो अवाढव्य माणूस उभा होता आणि हजारो लोक उठून टाळ्या वाजवत होते. एका टॅकलसाठी!

मी शेंगांची पुडी पुढे केली आणि म्हणालो, "त्या दिवशी मी ओरडलो ना, ते..."

"टीव्हीवर," चिरंजीव म्हणाले. "आईने सांगितलं होतं."

"अर्धं."

त्याने दोन शेंगा सोलल्या. "आणि अर्धं?"

"तेही चुकलंच होतं," मी म्हणालो. एवढ्यात नातवाला तहान लागली.

तेव्हापासून ड्राफ्टच्या रात्री आम्ही फोन उघडा ठेवून बसतो. तो तिकडे, मी इकडे. तो वह्या तपासतो, मी वहीत पाहतो. २०२५च्या एप्रिलात दुसरा नंबर आमचा होता आणि माझ्या यादीत क्रमांक एकवर ट्रॅव्हिस हंटर, चढाईतही खेळणारा आणि बचावातही, जसा एखादा गडी शतकही ठोकतो आणि पाच बळीही घेतो. आता चुकणं शक्यच नव्हतं. आमच्या लोकांनी तो नंबर जॅक्सनव्हिलला देऊन टाकला, पाचव्यावर सरकले आणि घेतला मेसन ग्रॅहम, बचावाच्या मधल्या फळीतला एक आडदांड गडी. पुन्हा एक खांब!

मी वही आपटली आणि ओरडलो, "वाटोळं केलं!"

फोनवर क्षणभर शांतता. मग बाल्टिमोरहून आवाज आला, "बाबा, आता मी काय केलं?"