उपयोग काय?

इतरांच्या घराण्यात वडिलोपार्जित वाडे असतात, आंब्याची कलमं असतात, गेला बाजार एखादं तांब्याचं घंगाळ तरी असतं. आमच्या घराण्यात एक प्रश्न चालत आला आहे : ‘याचा उपयोग काय?’ आजोबांनी तो वडिलांना विचारला, वडिलांनी मला विचारला (त्याची हकिगत पुढे येईलच), आणि आमच्या मेव्हण्यांनी, म्हणजे केवळ लग्नामुळे घराण्याशी संबंध आलेल्या गृहस्थांनी, जेव्हा तो आपल्या मुलीला विचारला, तेव्हा हा प्रश्न नुसता आनुवंशिक नसून सांसर्गिकही आहे, हे सिद्ध झालं.

झालं असं, की भाचीला जपानच्या होक्काइदो विद्यापीठात संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पेढे वाटून झाले. मग कोणीतरी विचारलं, ‘‘संशोधन कशावर?’’

‘‘बर्फावर,’’ ती म्हणाली.

घरात शांतता पसरली. पुण्याच्या माणसाचा बर्फाशी संबंध दोनच प्रसंगी येतो. एक गोळ्याच्या गाडीपाशी आणि दुसरा पाय मुरगळल्यावर. ‘‘बर्फावर?’’ मेव्हणे म्हणाले, ‘‘अगं, पण उपयोग काय त्याचा?’’ मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘तुमचं ऐकते ती. जरा समजावा.’’

एका रविवारी मी तिला समजवायला बसलो. समजावण्याच्या कामात पहिलं वाक्य कोणाच्या हाती जातं, याला फार महत्त्व असतं. ते तिच्या हाती गेलं.

‘‘मामा, हे विद्यापीठ म्हणजे मुळात १८७६ सालचं शेतकी कॉलेज,’’ तिने सुरुवात केली. साप्पोरो गावातलं. घडी बसवायला अमेरिकेहून क्लार्क नावाचे गृहस्थ आले, जेमतेम आठ महिने राहिले आणि परत गेले. तरी त्यांचा पुतळा आहे. (मी एकाच खुर्चीवर एकतीस वर्षं काढली, निरोपाला मनगटी घड्याळ मिळालं.) आता तिथे काय नाही? हाकोदाते बंदराला माशांची अख्खी विद्याशाखा आहे, रशिया नि त्याच्या शेजाऱ्यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे, तिथल्या मूळच्या आइनू लोकांच्या अभ्यासाचं केंद्र आहे, आणि नुसत्या थंडीचा अभ्यास करणारी एक संस्था १९४१ सालापासून आहे.

‘‘थंडीचा अभ्यास आम्ही दर डिसेंबरात करतो,’’ मी म्हणालो. पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

१९३० साली तिथे नाकाया उकिचिरो नावाचे पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक आले. हाताशी उपकरणं बेताचीच, बर्फ मात्र मुबलक. जे फुकट मिळतंय त्याचाच अभ्यास करावा, असा कोकणस्थी विचार त्यांनी केला आणि हिमाच्या स्फटिकांचे हजारो फोटो काढले. मग म्हणाले, हा स्फटिक आपण खोलीत का करू नये? अडचण एकच, आभाळातला स्फटिक अधांतरी वाढतो, खोलीतल्याला टांगायचं कशाला? नाना तऱ्हेचे धागे झाले. अखेर १९३६ साली सशाच्या केसावर तो धरला! माणसाने केलेला पहिला हिमस्फटिक. वरच्या हवेत ऊन-गार किती नि ओल किती, त्यावर स्फटिकाचा आकार ठरतो, हे त्यातून उलगडलं. म्हणजे खाली पडलेला कण बघून वरचं हवामान वाचता येतं. पुढे विमानाच्या पंखांवर बर्फ का साचतो, याच्या अभ्यासातही ते पडले.

मला मात्र त्या सशाचं कौतुक वाटत राहिलं.

‘‘आणि आगगाडी आखणारा शेंबूड?’’ भाची म्हणाली.

कुजक्या पाल्यावर एक पिवळा, बुळबुळीत जीव पसरतो. त्याला मेंदू नाही. तिथल्या नाकागाकी नि तेरो या मंडळींनी एका बशीत टोकियो नि भोवतालच्या गावांच्या जागी ओटचे ३६ दाणे मांडले, या जिवाला मधोमध सोडलं आणि डोंगर नि समुद्र आहे तिथे उजेड टाकला. कारण उजेडाचं त्याला वावडं. दिवसभरात त्याने दाण्यांना जोडणारं असं जाळं विणलं, की खर्च, सोय आणि एखादा फाटा तुटला तर दुसरीकडून जायची व्यवस्था या सगळ्यात ते टोकियोच्या खऱ्या रेल्वेच्या तोडीचं ठरलं. २०१० साली त्याबद्दल त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. आमच्या पेठेतले रस्ते आखताना मेंदू असलेल्यांचा सल्ला घेतला होता की नसलेल्यांचा, हे मात्र अजून कळलेलं नाही.

पण मला खरं जिंकलं ते मुंग्यांनी. हासेगावा नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञांनी मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके लावून महिनाभर पाळत ठेवली. तर वारुळात काही मुंग्या चक्क काहीच करत नाहीत! मात्र कष्टाळू मुंग्या दमल्या, की या आळशी मुंग्या उठून कामाला लागतात. संगणकावर आकडेमोड केली तेव्हा दिसलं, की जिथे सगळ्याच मुंग्या एकदम राबतात तिथे सगळ्या एकदम थकतात, अंडी सांभाळायला कोणी उरत नाही आणि वारूळ बुडतं. हे २०१६ साली छापून आलं. शाळेपासून मला मुंगीचं उदाहरण देणाऱ्या यच्चयावत माणसांना त्या निबंधाची एकेक प्रत पाठवावी, असं मनात आलं. पण उठायचा कंटाळा केला. वारुळासाठी कोणीतरी ताजंतवानं राहायला हवं.

‘‘बरं, पण उपयोग?’’ मी वकीलपत्राला जागून विचारलं.

‘‘तू रक्तदाबाची गोळी कुठली घेतोस?’’

‘‘लोसार्टन.’’

‘‘मग ऐक. तिथल्या सुझुकी आकिरांनी १९७९ साली कार्बनला कार्बन जोडायची एक युक्ती काढली. लोसार्टन बनवायच्या एका रीतीत तीच वापरतात. २०१० साली त्यांना खरं नोबेल मिळालं. आणि मामा, पेटंट घेतलंच नव्हतं त्यांनी! कोणीही वापरा.’’

मी गप्प झालो. गप्प झालो तो गोळीमुळे नव्हे. मला माझी वही आठवली.

कॉलेजात असताना शंभर पानी वहीत मी फेरीवाल्यांच्या आरोळ्या लिहून ठेवत असे. कल्हईवाला, बोहारीण, छत्री दुरुस्तवाला. कोण कुठलं अक्षर लांबवतो, कोण शेवटी आवाज चढवतो, सकाळची हाक दुपारी कशी बदलते. साठएक पानं भरली होती. एके दिवशी वडिलांनी ती चाळली आणि घराण्याचा प्रश्न विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेल्या पानांवर धोब्याचा हिशेब आला, वही रद्दीत गेली आणि मी बँकेत गेलो. वडिलांचं चुकलं असं नाही; पगार पहिल्या तारखेला होत होता. पण आता त्या आरोळ्याही नाहीत आणि वहीही नाही.

मेव्हण्यांना मी सांगितलं, ‘‘जाऊ द्या तिला.’’

‘‘पण उपयोग?’’

‘‘तो मागाहून कळतो,’’ मी म्हणालो. ‘‘कधीकधी कळतही नाही. तरी जाऊ द्या.’’

ती गेली. परवा तिचा फोन आला. साप्पोरोत पहिला बर्फ पडला होता. कोटाच्या बाहीवर एकेक स्फटिक वेगळा दिसतो म्हणाली. मग एकदम म्हणाली, ‘‘मामा, त्या वहीतला कल्हईवाला कसा ओरडायचा रे?’’

मी तोंड उघडलं आणि अडलो. सुरुवात आठवेना. घाबरलोच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, ‘क’वर जोर नव्हता. ‘ई’ वर न्यायचा, आणि मग एकदम तोडायचा.’’ गॅलरीत जाऊन मी तसं ओरडून पाहिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा साधलं.

पाच मिनिटांत दारावरची घंटा वाजली. तळमजल्यावरच्या आजींचा नातू हातात पितळेचं पातेलं घेऊन उभा होता. ‘‘आजी विचारतेय, कल्हईवाला कुठे बसलाय?’’

पातेलं त्याला परत दिलं आणि खाली जाऊन शंभर पानी वही घेऊन आलो.