समंजसपणा कोणी दाखवावा?

'समंजस' ह्या शब्दाविषयी आमच्या मनात लहानपणापासून एक अढी आहे. हा शब्द ज्या प्रसंगी आमच्या कानांवर पडे, ते प्रसंगच तसे असत. दोघा भावांत वाटणीवरून कुरबुर झाली, की ज्याचा आवाज चढलेला असे त्याच्या वाटेस कोणी जात नसे, जो मुकाट बसलेला असे त्यालाच वडीलधारी माणसे बाजूला घेऊन सांगत, "तू तरी समंजसपणा दाखव." नव्या सुनेला हाच उपदेश, धाकट्या दिराला हाच, माहेरी आश्रयास आलेल्या आत्येलाही हाच. ज्याने पडते घ्यावयाचे तो समंजस, असा ह्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ कोशात न पाहताच ठरून गेला होता.

त्यामुळे अमेरिकन तत्त्वचिंतक जॉन रॉल्स (१९२१–२००२) ह्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'पोलिटिकल लिबरॅलिझम' ह्या ग्रंथात हीच कल्पना उदारमतवादाच्या पायाशी बसवलेली पाहून आम्ही साशंक मनानेच पाने उलटली. परंतु तेथे रॉल्स एक भेद करतात, तो मननीय आहे. डब्ल्यू. एम. सिब्ली ह्यांनी १९५३ सालच्या एका निबंधात तो आधी मांडला होता, आणि त्याचे मूळ कांटपर्यंत जाते. एक माणूस हिशेबी असतो. आपले साध्य ठरवून तिकडे नेणारी जवळची वाट तो अचूक हेरतो. दुसरा समंजस असतो. हे दोन गुण एकत्र नांदू शकतात, पण एकातून दुसरा आपोआप निपजत नाही. कुळाची अडचण ओळखून व्याज चढवणाऱ्या सावकाराच्या हिशेबात एका पैचीही चूक नसते. तरी त्याला समंजस कोण म्हणेल?

मग समंजस कोण? रॉल्स दोन लक्षणे सांगतात. इतरांनाही मान्य करता येतील अशा न्याय्य अटी जो स्वतःहून पुढे करतो, आणि इतर त्या पाळणार असतील तर आपल्या तोट्याच्या वेळीही पाळतो, तो समंजस. 'इतर त्या पाळणार असतील तर' ह्या एका पोटवाक्याने आमच्या घरातला अर्थ पार उलटा होतो. एकाने सदैव सोडावे आणि दुसऱ्याने सदैव घ्यावे, ह्या व्यवस्थेत समंजस असे कोणीच नसते; असतो तो एक दुर्बल आणि एक दांडगा.

दुसरे लक्षण अधिक अवघड आहे. प्रामाणिक, जाणती आणि विचारी माणसेसुद्धा जीवनाच्या मोठ्या प्रश्नांवर एकमताला येत नाहीत. पुरावा गुंतागुंतीचा असतो. त्यातील कशाला किती वजन द्यावे ह्याविषयी मते भिन्न पडतात. शब्दांच्या कडा पुसट असतात. आणि प्रत्येकाचे तराजू त्याच्या आयुष्याने घडवलेले असतात. निर्णयाची ही ओझी ज्याने ओळखली, तो विरोधकाला मूर्ख किंवा लबाड ठरवण्याची घाई करीत नाही, आणि आपले संपूर्ण सत्य राजसत्तेच्या बळाने दुसऱ्यावर लादीत नाही.

ह्या मासिकाच्या वाचकांस उदाहरणासाठी दूर जावे लागणार नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१ मते पडली. आमच्या आप्तांत फूलही होते आणि पानेही होती. आमच्या आजीची चूल कोकणीत बोले आणि तिची सांजवेळची पोथी मराठीत वाचली जाई. तिला ह्यात विसंगती कधी जाणवली नाही. पुढे भाषेच्या वादात मात्र एक पक्ष म्हणे, कोकणी ही मराठीची केवळ बोली. दुसरा म्हणे, मराठी येथे परकी. पहिले विधान कोणताही स्वाभिमानी कोकणी माणूस मान्य करू शकत नव्हता. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. दुसरे विधान आमच्या आजीला मान्य झाले नसते. दोन्ही पक्षांजवळ विद्वत्ता होती, हिशेब होता. उणीव होती ती प्रतिपक्षाला स्वीकारता येईल अशा अटीची. डिसेंबर १९८६ मध्ये ह्या वादात माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर, १९८७ साली, देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा करणारा आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर करण्यास वाव ठेवणारा कायदा झाला. तो परिपूर्ण नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांना तो आपला वाटला नाही, आणि त्यांची तक्रार ऐकून घेणे हाही समंजसपणाचाच भाग आहे.

ह्या कल्पनेवर एक आक्षेप आहे, आणि तो आमच्या जुन्या अढीचा सख्खा भाऊ आहे. समंजस कोण आणि असमंजस कोण, हे ठरवणार कोण? शांताल मूफ ह्यांच्यासारखे टीकाकार म्हणतात की ही रेघ दिसायला नैतिक असली तरी मुळात राजकीय आहे. ती ओढणारा आपल्या विरोधकांना सभेबाहेर ठेवतो. ह्यात तथ्य आहे. सत्ताधाऱ्याला 'समंजस' हा शब्द फार आवडतो, कारण तो धमकीपेक्षा सभ्य दिसतो. तथापि ह्या दुरुपयोगावरचा उतारा त्याच कल्पनेत आहे. टी. एम. स्कॅनलन ह्यांनी १९९८ साली मांडलेली कसोटी अशी, की ज्या नियमाला कोणीही वाजवी कारणाने नकार देऊ शकणार नाही, तोच नियम परस्परांना दाखवता येतो. येथे नकाराचा अधिकार प्रत्येकाला आहे. कोपऱ्यात मुकाट बसलेल्यालासुद्धा.

म्हणून आमची अढी पुरती गेलेली नाही, आणि ती जावी असेही आम्हांस वाटत नाही. मात्र तिने आता एका प्रश्नाचे रूप घेतले आहे. कोणी आम्हांस समंजसपणाचा उपदेश केला, तर आम्ही नम्रपणे विचारतो: ज्या अटीने आम्हांस बांधू पाहता, तीच अट आमच्या जागी असता तर आपण पाळाल काय? उत्तर होकारार्थी आले, तर पडते घेण्यात कमीपणा नाही. उत्तरच आले नाही, तर वाटणीची बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, आणि ह्या खेपेस ज्याचा आवाज मोठा त्याला आधी बाजूला घ्यावे.