कुरआनातलं मोरपीस

आमचं लातूरचं घर वस्तीच्या अगदी कडेला. समोर बाभळींचं रान, पलीकडे ज्वारी-तुरीची शेतं. फजरची अजान संपते न संपते तोच मोर ओरडायला लागतात. पाहुणे दचकतात, आम्हाला त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

ते अंगणात यायला लागले २०१६च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेच साल. घरात पाणी मोजून वापरत होतो. तरी अब्बा वजूला तांब्यातलं अर्धंच पाणी घ्यायचे, उरलेलं जुन्या परातीत ओतायचे. अम्मी कुरकुरली, तर म्हणायचे, "परिंदों को पानी पिलाना भी सवाब है." आधी एक लांडोर आली. पुढच्या पावसाळ्यात तिच्या मागे चार पिल्लं होती.

पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा आपोआप गळतो. पडलेली पिसं अम्मी उचलते, त्यातलं एक कुरआनशरीफमध्ये खूण म्हणून ठेवते. नांदेडला नानीकडेही हेच पाहिलं. दर्ग्यात मुजावर डोक्यावरून मोरछल फिरवतात, तीही याच पिसांची. आणि शाळेत वहीत पीस ठेवून पिल्लू व्हायची वाट पाहणाऱ्यांत मीही होतोच.

गेल्या वर्षी गल्लीत नवे राहायला आलेले एक गृहस्थ चहाला आले. कोपऱ्यातली पिसं पाहून म्हणाले, "एवढी पिसं? म्हणजे मोर तुम्ही..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मला मात्र ते पूर्ण ऐकू आलं. मी तावातावाने कायदा सांगू लागलो: १९७२चा वन्यजीव कायदा, मोर मारणाऱ्याला किमान तीन वर्षं कैद, गळालेली पिसं ठेवायला मनाई नाही. आपल्याच घरात बसून मी कोर्टात उभा असल्यासारखा बोलत होतो. अब्बांनी मला थांबवलं. त्यांना एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी सहाला या."

ते आले. तासभर ओट्यावर बसले. मोर परातीशी आला, पाणी पिऊन गेला. कुणी काही बोललं नाही. आठवड्याने त्यांची मुलगी दारात उभी राहिली, वहीत ठेवायला पीस मागत. अम्मीने तिला दोन दिली.

या जूनमध्ये समोरच्या रानात प्लॉटचे दगड रोवले गेले. अर्ध्या बाभळी तुटल्या. मोर रात्री त्याच झाडांवर बसतात. बीड जिल्ह्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, पण आमच्या मोरांना तिथला पत्ता कोण सांगणार?

अब्बा परात रोज भरतात. पाणी आपण देऊ शकतो. बाभळी कुठून आणायच्या?