सासूबाईंचे माहेर आणि मामंजींची पद्मिनी

मैत्रिणींनो, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेल्या. जुन्नरला आमच्या अंगणात मामंजींची पद्मिनी मात्र अजून उभी आहे. गेल्या डिसेंबरात पहाटे भीमाशंकरला निघालो, तर गाडी नुसती ‘खट्’ करून गप्प! चोक ओढून ओढून ‘हे’ वैतागले. मी डोकावले, तो बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड. आधी मायनसची तार सोडवली, मग दुसरी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टोके घासली, पुसून तारा आवळल्या, वर व्हॅसलीन. (सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचे नाही हं!) गाडी लागली.

घोडेगावच्या पुढे हीटर गार हवा फेकू लागला. सासूबाई शालीत कुडकुडत होत्या. हीटरला ऊब इंजिनाच्या गरम पाण्याची. म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी कमी! डिंभे धरणापाशी थांबलो. तापलेले झाकण उघडायचे नाही, कुकरसारखीच वाफ अंगावर येते. इंजिन निवेपर्यंत सासूबाई काठाशी उभ्या. जुने आंबेगाव याच धरणात बुडालेले, आणि त्यांचे माहेर तिथले.

“तिकडं आमचं अंगण होतं गं,” एवढेच म्हणाल्या.

इंजिन निवले होते, पाणीही भरून झाले. तरी ‘निघू या’ म्हणायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटेना.