खांदा वळवणारी जमीन

चीनच्या युनान प्रांतात कुन्मिंगहून दालीकडे निघालेल्या गाडीत मी खिडकीची जागा मागून घेतली होती, ती लाल टेकड्यांसाठी. लुफंग मागे पडलं आणि त्या दिसू लागल्या. रुळांसाठी कापलेली दरड लाल, नांगरलेली शेतं लाल, ओढ्याचं पाणीही गढूळ तांबडं. हे छुश्योंगचं खोरं, डायनासोरांच्या काळापासून साचत आलेल्या वाळू-चिखलाचं.

हा रंग हेमटाइट या लोहखनिजाचा. थर घडताना अशा खनिजांमध्ये त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा उमटते आणि दगडात कायमची राहते. संशोधक इथले नमुने होकायंत्राने दिशा टिपून कापतात आणि प्रयोगशाळेत दगडातली उत्तर मोजतात. ती बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे झुकलेली सापडते. म्हणजे टेकड्याच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरल्या आहेत. दक्षिणेला सिमाओच्या बाजूला तर काही जागी साठ अंशांहून जास्त! याच पद्धतीने आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला हे कळलं. तिथून उत्तरेकडे सरकलेला भारत आशियावर आदळला. इथल्या टेकड्यांना फिरवणारा रेटा त्याचाच.

हा रेटा अजून थांबलेला नाही. भारत वर्षाला साधारण चार सेंटिमीटर पुढे सरकतो. तिबेटचं कवच जाड होत होत सत्तर किलोमीटरवर गेलं, नेहमीच्या खंडीय कवचाच्या जवळपास दुप्पट. पूर्वेला सिचुआनच्या खोऱ्याखाली जुना, टणक खडक आहे. तो हटत नाही. भरलेल्या लोकलमध्ये मागून रेटा आला की माणूस खांदा वळवून मोकळ्या बाजूला सरकतो, तसा युनानचा भूभाग दक्षिणेकडे वळत निघाला आहे. भूशास्त्रज्ञ पॉल तापोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्लास्टिसिनच्या लादीत एक कठीण ठोकळा दाबून, एक बाजू मोकळी ठेवून, हीच हालचाल टेबलावर घडवून दाखवली होती. आता जीपीएसच्या नोंदींमध्येही ती दिसते: पूर्व तिबेटातले बाण पूर्वेकडे, पुढचे आग्नेयेला, मग दक्षिणेला आणि म्यानमारच्या सीमेजवळ नैर्ऋत्येला.

दालीला उतरलो तर समोर त्सांगशानची भिंत. शिखर ४,१२२ मीटरवर आणि पायथ्याशी एरहाय सरोवर, जवळपास दोन हजार मीटर खाली. फिरणारे भूभाग एकमेकांना कुठे घासतात, तर कुठे त्यांच्यामध्ये जमीन ताणली जाऊन खचते. खचलेल्या जागी पाणी साठतं. एरहाय असंच आहे, कुन्मिंगचं द्यान्ची आणि त्याच्या दक्षिणेचं फूश्यानही. संध्याकाळी काठावर मासे तळणाऱ्या बायकांच्या गर्दीत उभा होतो, तेव्हा हे तिन्ही तलाव एकाच गोष्टीचे भाग वाटू लागले.

लिजियांगहून शिगूला गेलो. तिथे उत्तरेकडून आलेली जिन्शा, म्हणजे यांगत्सेच, एकदम काटकोनाहूनही जास्त वळते आणि पुन्हा उत्तरेची वाट धरते. तिच्या पश्चिमेला मेकाँग आणि साल्विन मात्र दक्षिणेकडेच जातात. याच प्रदेशात थोडं वर या तिन्ही महानद्या शंभर किलोमीटरच्या आतल्या पट्ट्यात शेजारी शेजारी वाहतात. शिगूचं वळण कशामुळे, यावर भूशास्त्रज्ञांचा वाद जुना आहे. पण नद्यांना इतकं जवळ आणण्यात कवचाच्या या दाबाचा हात आहे, हे बहुतेक जण मानतात.

जमिनीच्या या फिरण्याची किंमत भूकंपात मोजावी लागते. १९७० साली तोंगहायच्या भूकंपात पंधरा हजारांहून जास्त माणसं गेली. ३ फेब्रुवारी १९९६ रोजी लिजियांग हादरलं, तीनशेहून अधिक बळी गेले. तिथे मी उतरलो होतो त्या नाशी समाजातल्या कुटुंबाच्या घराच्या भिंती तेव्हा पडल्या होत्या, पण खाचांत बसवलेला लाकडी सांगाडा डुलून पुन्हा उभा राहिला. घरमालकांनी भिंती पुन्हा बांधताना त्या हलक्या ठेवल्या आणि सांगाड्याला हातही लावला नाही. पुढच्या धक्क्यालाही भार तोच पेलणार, हे त्यांनी मला खांबावर थाप मारून सांगितलं.